लाक्काच्या बाटलीमागे

ब्रिटनहून आलेली माणसं फोटो दाखवतात. राजवाडा, पूल, मेंढ्या, आणि मेंढ्यांच्या पुढे स्वेटर घालून उभी असलेली आपली माणसं. माझ्याकडे असलं काही नाही. मी महिनाभर राहून आले आणि पाहिली ती लोकांची कपाटं. ग्लासगोला जिन्याखालचं कपाट, लेस्टरला स्वयंपाकघरातलं कपाट, हाउन्सलोला फ्रिज. नाशिकला परतल्यापासून कॉलनीतल्या बायका रोज विचारतात, "कुमुदताई, काय काय पाहिलंत?" एकदाच लिहून टाकते, म्हणजे माझा घसा तरी वाचेल. जन्मभर पोरींना भूगोल शिकवून तो आधीच गेलेला आहे.

ग्लासगो

माझी धाकटी बहीण नलू लग्न करून ग्लासगोला गेली ती तिथलीच झाली. नवरा श्रीकांत तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मुलगी मंजिरी तिथेच जन्मली, तिथेच शिकली, आणि आता एडिंबरात नोकरी करते. मी रिटायर झाले तेव्हा नलूने तिकीट पाठवलं आणि फोनवर म्हणाली, "ताई, मे महिन्यात ये. तुला लॉख दाखवते, डोंगर दाखवते." लॉख म्हणजे स्कॉटलंडमधलं तळं. हे मला माहीत होतं, शिकवलेलं होतं.

पहिले दिवस बरे गेले. पाऊस होता, पण तो तिकडे असतोच, त्याच्याबद्दल तक्रार करायची नाही असा नियम आहे. एकच फजिती झाली. शेजारच्या मॉरागबाईंनी चहाला बोलावलं, लोण्याची खुसखुशीत बिस्किटं पुढे केली, आणि मी आपल्या रीतीप्रमाणे "नको नको" म्हटलं. बाईंनी "ऑल राइट" म्हणून बशी उचलली आणि सरळ आत नेऊन ठेवली! परत विचारणं नाही, आग्रह नाही, काही नाही. मी दीड तास कोरा चहा पीत त्या बंद दाराकडे बघत बसले. घरी आल्यावर नलू हसून हसून रडली. "ताई, इथे नको म्हणजे नकोच. हवं असेल तर पहिल्याच फटक्यात हो म्हणायचं." मी म्हटलं, "जळ्ळं तुमचं शिष्टाचाराचं गाव. भुकेने मेलं माणूस!"

लॉखला जायचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या रविवारी मंजिरी आली. बरोबर जुहा. हा फिनलंडचा मुलगा, उंच, गोरापान, बोलायला अगदी कमी. मंजिरीबरोबर ऑफिसात काम करतो. आता दोघांचं लग्न ठरलं होतं आणि नलूने ते तोंड वाकडं न करता मान्य केलं होतं, असं मला सांगण्यात आलं होतं.

"आई," मंजिरी म्हणाली, "जुहाची आई येणार. पुढच्या शनिवारी. म्हणजे या नाही, त्या शनिवारी. आणि ती म्हणाली, ती लाक्काचा बाटली टेबलवर आपण सगळे मिळून उघडायचा."

नलूच्या हातातला चमचा खाली पडला.

लाक्का हे एक रानफळ. फिनलंडच्या उत्तरेला दलदलीत उगवतं, केशरी रंगाचं, दिसायला तुतीसारखं, चवीला आंबटगोड. हजार सरोवरांचा देश, लाकूड, कागद, हे सगळं मी फळ्यावर लिहून लिहून शिकवलं, पण या फळाचं नाव कोणत्याही पाठात नव्हतं. त्याची ते लोक दारू करतात. दारू म्हणजे आपण समजतो तशी नाही, गोड, घट्टसर, जेवणानंतर लहानशा पेल्यात घ्यायची. तिला लिक्युअर म्हणतात. जुहाच्या आईने, आयरीबाईंनी, अशी एक घरी केलेली, बुचावर मेण लावलेली बाटली वर्षभरापूर्वी मंजिरीच्या हाती नलूला पाठवली होती.

"ती बेरीज ना, म्हणजे ती फळं, जुहाच्या बाबांनी काढले होते," मंजिरी मला समजावून सांगायला लागली. "शेवटच्या समरमध्ये. मग हिवाळ्यात ते वारले. त्याच्या आईने दोन बाटल्या केले. एक फ्यूनरलला संपला. दुसरा आपल्याला दिला. दोन्ही फॅमिली एका टेबलवर बसतील तेव्हा ती उघडणार, असं तिचं आहे."

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?" नलू एवढंच म्हणाली.

"सांगत होते. तू ऐकत नव्हतीस, आई. जुहाचं नाव घेतलं की तू भांडी घासायला उठायचीस." मग तिने विचारलं, "बाटली आहे ना?"

"आहे की. नीट ठेवलीय."

पोरं गेली आणि नलू जिन्याखालच्या कपाटासमोर जमिनीवर बसली. मी कपाटात डोकावले. साबणाचे खोके, चॉकलेटचे डबे, काचेचे पेले, टॉवेलांचे जोड, ब्लाउजपीस, मेणबत्त्या, सगळं वेष्टनात, सगळं न उघडलेलं. आपल्याकडे प्रत्येक घरात असतं तसं देण्याचं कपाट! आलेलं इथे ठेवायचं, कुणाकडे जायचं झालं की इथून उचलायचं. नाशिकचा ब्लाउजपीस पंचवटी फिरून परत माझ्याच घरी आलेला मी पाहिला आहे. पण समुद्र ओलांडून, सूट-बूटवाल्या डॉक्टरांच्या घरात हीच तऱ्हा असेल असं मला वाटलं नव्हतं.

"बाटली कुठाय, नलू?"

"दिली."

"कुणाला?"

"लेस्टरच्या शोभाला. गणपतीत गेलो होतो तेव्हा. हात हलवत कसं जायचं? श्रीकांत पीत नाहीत, मी पीत नाही. म्हटलं, काहीतरी फॉरेनचं आहे, दिसायला छान आहे."

"घरी केलेली, हाताने बूच मेणाने बंद केलेली बाटली तुला फॉरेनचं काहीतरी वाटली?"

"ताई, मला वाटलं हे प्रकरण टिकायचं नाही," नलू हळूच म्हणाली. "सहा महिन्यांत संपेल, मग त्या बाटलीचं काय करायचं?" मग ती रडायलाच लागली. "मंजूला कळलं तर ती माझ्याशी बोलायची नाही. मी तिच्या सासूच्या तोंडासमोर कशी बसू?"

श्रीकांत वर्तमानपत्रातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "फोन करून विचारा ना शोभाला." डॉक्टर लोकांना सगळं सोपं वाटतं. दिलेली वस्तू फोनवर परत मागायची? काय सांगायचं, चुकून दिली? नलूने कपाळावर हात मारला. जाऊन, बसून, चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून मगच विषय काढता येणार होता. म्हणजे लॉख राहिलं. आम्ही लेस्टरला निघालो.

निघताना बघते तर नलूच्या पिशवीत काय? जिन्याखालच्या कपाटातला साबणाचा खोका! शोभाला द्यायला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, ज्याच्यामुळे हे सगळं झालं तेच परत करतेस?" तर म्हणते, "ताई, हात हलवत कसं जायचं?" मी हात टेकले.

लेस्टर

शोभा गोडसे, नलूची नर्सिंगच्या दिवसांपासूनची मैत्रीण. तिचाही नवरा डॉक्टर. घर बेलग्रेव्ह रोडपासून जवळ. तो रस्ता म्हणजे काय सांगू, साड्यांची दुकानं, सोन्याची दुकानं, जिलबी, फरसाण, गुजराती पाट्या. मी एका दुकानात कोथिंबिरीची जुडी विकत घेतली तर दुकानदाराने दोन मिरच्या वर टाकल्या. एवढ्या लांब येऊन मिरच्या फुकट मिळतात हे पाहून मला भरून आलं, एवढं कबूल करते.

शोभा गोल, हसतमुख, आणि बोलण्यात कुणाला शिरू न देणारी बाई. चहा झाला, वड्या झाल्या, गुडघ्यांचं दुखणं झालं, कौन्सिलने कचऱ्याच्या पेट्या बदलल्या त्याचा निषेध झाला. नलू नुसती घामाघूम. शेवटी मीच विषय काढला. "शोभाताई, गणपतीत नलूने एक बाटली दिली होती, आठवतं?"

"अय्या, ती!" शोभाने टाळीच वाजवली. "अगं नलू, काय भन्नाट होती! आधी मी पण नुसतीच ठेवली होती. मग दसऱ्याला श्रीखंड केलं आणि केशर संपलेलं. बाटलीचा रंग बघितला, केशरी. म्हटलं, दोन चमचे घालून बघू."

"श्रीखंडात दारू घातलीस?" मी उभीच राहिले.

"नैवेद्य आधी काढून ठेवला होता हं, ताई! तेवढं कळतं मला," शोभा म्हणाली. "पण काय सांगू, श्रीखंड असं लागलं! आंब्याचं नाही, संत्र्याचं नाही, काहीतरी तिसरंच. यांचे हॉस्पिटलातले कन्सल्टंट बोटं चाटत होते. मग भिशी होती माझ्याकडे. लिंबू सरबतात घातलं. एक ग्लास सरबत, त्यात हे तीन चमचे, वर जिऱ्याची पूड आणि पुदिना. आमच्या देशपांडेबाई, ज्या चॉकलेटमध्ये ब्रँडी आहे का म्हणून डब्याची मागची बाजू वाचून बघतात, त्यांनी तीन ग्लास घेतले! शेवटी भजन म्हणायला लागल्या."

नलूचा चेहरा पांढराफटक पडला होता. "संपली?"

"छे, संपते कसली! आमच्याकडे रोज कोण घेतंय? अर्ध्याच्या वर होती. भाऊबीजेला सुरेश आला हाउन्सलोहून. तो एअरपोर्टवर कार्गोत आहे ना, थंडीत रात्रपाळ्या. त्याला चव आवडली. चिवडा, लाडू बांधून दिले तशी तीही दिली."

तरी मी आशा सोडली नव्हती. अर्धी तर अर्धी. दोन्ही घरं टेबलावर बसायची आहेत, बाटली काठोकाठ भरलेली पाहिजे असं काही कुणी म्हणालं नव्हतं. नलूने शोभाला सगळं सांगितलं तेव्हा शोभा इतकी गप्प झाली की मला तिची काळजी वाटली. "अगं, माणसाच्या शेवटच्या हाताची गोष्ट आणि मी भिशीत वाटली," ती म्हणाली. मग उठली, आत गेली, आणि आमच्या हातात काय ठेवलं असेल? दोन ब्लाउजपीस आणि बदाम वड्यांचा डबा. आता हसावं की रडावं! नलूने घेतले सुद्धा.

हाउन्सलो

कोचने लंडनला आणि मग भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनने हाउन्सलोला. प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, माझ्या शेजारी एक गृहस्थ पूर्ण वेळ कांद्याच्या वासाच्या चिप्स खात होता, एवढंच.

सुरेश आणि त्याची बायको विद्या यांचं घर विमानांच्या वाटेच्या बरोबर खाली. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबतं. सगळे तोंड अर्धवट उघडं ठेवून वर बघतात आणि विमान गेलं की वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे सुरू करतात. त्यांना याची इतकी सवय आहे की सुरेश म्हणे नाशिकला गेला की मधेमधे उगाचच थांबतो.

मी आता चहा-वड्यांच्या पलीकडे गेले होते. बूट काढता काढताच विचारलं, "सुरेश, शोभाने दिलेली बाटली कुठाय?"

"फ्रिजमध्ये," सुरेश म्हणाला आणि नलूने चक्क देवाचं नाव घेतलं. "थांबा, तुम्हाला माझं स्पेशल करून देतो. डब्यातला आमरस, सोडा, बर्फ आणि..."

विद्याने फ्रिज उघडला. बाटली होती! जाड निळसर काचेची, चौकोनी, नलूने सांगितली होती तशीच. विद्याने ती काढली, बूच उघडलं, आणि आमच्यासाठी दोन पेल्यांत पाणी ओतलं.

पाणी! साधं नळाचं, गार पाणी!

"विद्या," मी म्हणाले, "यातलं ते काय होतं, ते कुठे गेलं?"

विद्या बोलायला लागली आणि वरून विमान आलं. तिचे ओठ हलत होते, हात काहीतरी ढवळत होते, नलू माझा दंड धरून उभी होती, आणि ते विमान काही संपेना. गेलं एकदाचं. "...म्हणून मी मुरांब्यात घातलं," विद्या म्हणाली.

झालं असं. सुरेशने आमरसात घालून घालून बाटली बरीच खाली आणली. मग विद्याला बाटली फार आवडली, फ्रिजच्या दारात बरोबर बसणारी. आपल्या बायकांना चांगली बाटली दिसली की पुढचं काही सुचत नाही, माझ्याही घरात सिरपच्या बाटल्यांत फोडणीचं तेल आहे. तेव्हा नोव्हेंबरात मुरांबा चालू होता. कैऱ्या कुठून आणायच्या? म्हणून तिकडे आपल्या बायका स्वयंपाकाच्या आंबट सफरचंदांचा मुरांबा करतात, किसून, साखर घालून, वर वेलदोडा. विद्याने उरलेलं लाक्का त्यात ओतलं.

"पण खरं सांगू का," विद्या म्हणाली, "फार काही जमला नाही. बाटलीच्या तळाशी फळं होती बारीक बारीक, ती पण घातली मी, टाकायची कशी? त्यांच्या बिया आल्या सगळीकडे. दाताखाली कटकट येतात. पोरं खात नाहीत. एक बरणी पडून आहे."

नलू डायनिंग टेबलाच्या खुर्चीत बसली आणि उठलीच नाही. मी विद्याला सगळा प्रकार सांगितला. बिचारी विद्या पाण्याच्या बाटलीकडे असं बघायला लागली की जणू ती चोरीची होती.

सुरेश मात्र उठून येरझाऱ्या घालायला लागला. "अहो नलूताई, घाबरता काय? आमच्यातला एक जण हेलसिंकीला जात-येत असतो. हेच लिक्युअर तिथे दुकानात मिळतं. परवा आणतो. भरलं बाटलीत, बूच लावलं, वर मेणबत्तीचं मेण. कुणाच्या बापाला कळत नाही!"

नलूचा चेहरा उजळला. मला संताप आला. "नलू, तळाशी फळं होती. यात नसतील."

"कोण बघतंय तळाशी!"

"ज्या बाईने ती घातली ती बघेल. आणि नाही बघितलं तर ते जास्त वाईट. नवऱ्याच्या हातचं म्हणून ती दुकानातलं पिणार आणि तू समोर बसून बघणार?"

"मग मी काय करू, ताई? तूच सांग ना!" नलू ओरडली. तिचा मोठा आवाज मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला. वर्गात इतकी वर्षं उत्तरं दिली, पण हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

दोन दिवसांनी सुरेशने लिक्युअर आणलं, बाटलीत भरलं, लाल मेणबत्ती वितळवून बूच बंद केलं. हुबेहूब दिसत होती. मी एवढंच केलं की विद्याकडून ती मुरांब्याची बरणी मागून घेतली. "नाही तरी पोरं खात नाहीत," मी म्हटलं. विद्याने बरणी धुऊन पुसून, झाकणावर कापड बांधून दिली. शिवाय निघताना एक टॉवेलांचा जोड. मी तो पिशवीत टाकला; नको म्हणायची माझ्यात ताकदच उरली नव्हती.

पुन्हा ग्लासगो

शनिवारी आयरीबाई आल्या. साठीच्या, उंच, आखूड पांढरे केस, हातात एक कापडी पिशवी. दारातच त्यांनी न सांगता बूट काढून कडेला नीट ठेवले. नलू मला स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली, "ताई, इतक्या वर्षांत न सांगता बूट काढणारी ही पहिली परकी बाई." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. फिनलंडमध्ये सगळेच घरात बूट काढतात, हे जुहाने नंतर सांगितलं.

आयरीबाईंना इंग्रजी थोडंच येत होतं. त्या फिनिशमध्ये बोलायच्या, जुहा इंग्रजीत सांगायचा. पण त्या मुळात कमीच बोलत होत्या. नलूने पुऱ्या केल्या होत्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर. आयरीबाईंनी सगळं खाल्लं, आणि नलू तिसरी पुरी वाढायला गेली तर ताटावर आडवा हात धरला. नको म्हणजे नको. नलू पुरी घेऊन तशीच उभी.

जेवणाच्या शेवटी आयरीबाईंनी पिशवीतून एक चपटा, गोल, वर तपकिरी ठिपके पडलेला प्रकार काढला. भाकरीसारखा दिसत होता. नलूच्या ओव्हनमध्ये गरम केला आणि चौकोनी तुकडे कापले. हे त्यांच्याकडचं चीज, यावर लाक्का ओतून खायचं. एक तुकडा मी तोंडात टाकला. दाताखाली कुरकुरला, च्यूं च्यूं आवाज आला. मी विचारलं, हे करतात कसं? जुहाने विचारून सांगितलं, पूर्वी गाय व्यायली की तिच्या पहिल्या दुधाचं करत, आई अजून शेजारच्या गोठ्यातून आणते.

"अगंबाई, चिकाचं!" मी म्हणाले. "नलू, हा तर खरवस आहे! नुसता बिनसाखरेचा आणि भाजलेला!" मंजिरीने ते जुहाला सांगितलं, जुहाने आईला सांगितलं, आणि आयरीबाई पहिल्यांदा हसल्या. मला वाटलं, आता सगळं बरं होणार. पण त्यांनी हात पुढे केला आणि बाटली मागितली.

मंजिरीने ती टेबलावर आणून ठेवली. आयरीबाईंनी बाटलीवरून अंगठा फिरवला. मग ती उचलली आणि खिडकीच्या उजेडासमोर धरली. तिरपी केली. परत सरळ केली. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण बाटली त्यांनी खाली ठेवली नाही.

"दॅट इज नॉट युवर लाक्का," नलू म्हणाली.

नलूने इंग्रजीत आणखी एक वाक्य सुरू केलं, ते तिला जमेना, आणि मग ती मराठीतच बोलायला लागली, मंजिरीकडे बघत. "सांग त्यांना. मी तुमची बाटली दिली. लेस्टरला. तिथून ती हाउन्सलोला गेली. लोकांनी श्रीखंडात घातली, सरबतात घातली, आमरसात घातली. ही दुकानातली आहे. सांग."

मंजिरी आईकडे बघत राहिली. मग तिने सांगितलं. जुहाने आईला सांगितलं. एका घरातली गोष्ट तीन भाषांतून जायला वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही सगळे आयरीबाईंच्या तोंडाकडे बघत होतो. श्रीकांतसुद्धा.

"का दिली, ते पण सांग," नलू म्हणाली. "मला जुहा नको होता. मला वाटलं, तुमचं टिकायचं नाही. म्हणून बाटली कोणी दिली, कशाची आहे, मी काही विचारलं नाही. आलेली वस्तू होती, दिली."

हे वाक्य मंजिरीच्या तोंडून लवकर बाहेर पडलं नाही. "आई, हे मी सांगू?" "सांग," नलू म्हणाली. पोरीने सांगितलं. जुहाने मान खाली घालून ऐकलं आणि आपल्या आईला फिनिशमध्ये सांगितलं. आपल्याबद्दलच!

आयरीबाईंनी बाटली खाली ठेवली. नलू पदराचा काठ मुठीत धरून बसलेली. श्रीकांत चष्मा पुसत होते. सगळे शिकलेसवरलेले, पण उठून काही करायचं म्हटलं तर एकही नाही! शेवटी मीच उठले, आत गेले, मुरांब्याची बरणी उघडली, त्या गरम चिजाच्या एका तुकड्यावर मोठा चमचाभर मुरांबा घातला आणि बशी आयरीबाईंपुढे ठेवली. "मंजू, यांना सांग, बाटलीतलं जे उरलं होतं ते यात आहे. साखरेत शिजवलंय. फळांसकट."

आयरीबाईंनी चमच्याने एक घास घेतला. चावता चावता थांबल्या. बी दाताखाली आलेली मला दिसली. मला वाटलं, आता बशीच्या कडेला काढून ठेवतील. त्यांनी ती काढली नाही. त्यांनी आणखी एक चावली आणि त्या जुहाला काहीतरी म्हणाल्या. जुहाने ते इंग्रजीत सांगितलं.

"आई म्हणते, ती नेहमी गाळून बाटलीत भरायला निघायची. बाबा तिला गाळू द्यायचे नाहीत. म्हणायचे, बिया राहू देत, नाहीतर दुकानातलं आणि माझं यात फरक काय? यावरून त्यांचं दर वर्षी भांडण व्हायचं." जुहाने बशीकडे बोट दाखवलं. "ती म्हणते, हे बाबांचंच आहे."

मंजिरी उठून नलूच्या खुर्चीमागे गेली आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवून उभी राहिली. नलूच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलंही नाही.

आयरीबाईंनी बशी संपवली. सगळी, बियांसकट. नलू उठली. तिने विचारलं नाही, "घेणार का" म्हटलं नाही, आयरीबाईंच्या हाताकडे बघितलं नाही. आणखी एक तुकडा बशीत ठेवला आणि बरणीतला मुरांबा त्यावर घातला.

आयरीबाईंनी बशीवर हात धरला नाही.